पियानोचा उतरलेला गंधार

सोलापूरच्या बाळीवेशीत माझं पेटीदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, पुढे फळी आणि फळीवर कुणाच्या ना कुणाच्या बाजाच्या पेटीचं पोट उघडं पडलेलं. लोक मला पेटीवाले म्हणायचे. घरात आम्ही कानडी बोलायचो, गिऱ्हाइकाशी मराठी. उंदरानं भाता कुरतडलेला निघाला की माझ्या तोंडून जे बाहेर पडायचं ते मात्र दोन्हींत धरता येणार नाही. राग माझ्या नाकावरच असतो. पण इथे सांगतोय ती चूक रागानं झाली नाही. ती गर्वानं झाली, हे आधीच कबूल केलेलं बरं.

गर्व गंधाराचा होता. मिरजेला एका सतार बनवणाऱ्याकडे मी तीन वर्षं काढली. तिथे एक म्हातारे गवई येऊन बसत. पेटी दिसली की तोंड वाकडं करत आणि म्हणत, "हिचा गंधार कडू लागतो." एक दिवस त्यांनी मला तानपुऱ्यापाशी बसवलं, खर्जाची तार छेडली आणि म्हणाले, डोळे मिट आणि थांब. तार सा म्हणत होती. ती विरत गेली तसा तिच्या पोटातून दुसराच एक स्वर वर आला, कुणीही न छेडलेला. तो गंधार. पेटीवरचा गंधार त्याच्यापेक्षा केसभर चढा असतो हे मला त्या दिवशी कळलं आणि रात्री जेवण गेलं नाही. सोलापूरला परत आल्यावर ज्या पेटीला हात लावला तिच्या गंधाराची पितळी पट्टी घासून तो खाली आणला आणि त्या तारेतल्या गंधाराला नेऊन मिळवला. होटगीपासून मंगळवेढ्यापर्यंतची भजनी मंडळी माझ्याकडे पेट्या आणायची ती त्यासाठी. "पेटीवाल्याचा गंधार लई गोड," म्हणायची. हे रोज ऐकून माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

सोलापुरात बोलपट नुकते आले होते त्या सुमाराची गोष्ट. गावाबाहेर मिशनची मुलींची एक शाळा होती. तिथली प्रार्थनेची पेटी दुरुस्त करून मी पोचवायला गेलो होतो. चार वाजून गेलेले, मुली घरी गेलेल्या. हॉलच्या दाराशी आलो आणि पेटी डोक्यावर तशीच धरून उभा राहिलो.

आत पियानो वाजत होता. पियानो मी आधीही लांबून ऐकला होता आणि माझं मत काही बरं नव्हतं. स्वर जन्मला की लगेच मरायला लागतो, मग वाजवणाऱ्याला घाईघाईनं पुढचा स्वर टाकावा लागतो, असं मी त्याची टवाळी करायचो. पण त्या दिवशी त्याच्याबरोबर आणखी काहीतरी होतं. पियानोचा एक स्वर पडला, विरायला लागला आणि त्याच जागेवरून एक जाडसर, ओला, माणसाच्या गळ्यासारखा आवाज उठला. जे मरत होतं ते त्यानं उचललं आणि पुढे नेलं. पियानोनं खाली दुसरं काही मांडलं, आवाजानं तेही उचललं. सूर कुठल्या रागाचे ते मला सांगता येईना. मला न येणाऱ्या भाषेत दोन शहाणी माणसं बोलतायत आणि तरी विषय काळजाचा आहे हे समजतंय, असं झालं. पेटी अडीच मणाची झाली होती, पण ती खाली ठेवायचं सुचलं नाही.

पियानोवर शाळेतल्याच एक बाई होत्या. वय पंचविशीचं. लहानपणी मिशनच्या वसतिगृहात आल्या, तिथेच वाढल्या, तिथेच शिकवायला लागल्या. आधीच्या एका मिसबाईंनी त्यांना पियानो शिकवला होता आणि आपल्या देशी परत जाताना तो शाळेला ठेवून गेल्या होत्या. बाईंना आई नव्हती, बाप नव्हता, जेऊरला एक म्हातारी मावशी तेवढी होती. बाकी त्यांचं सगळं त्या काळ्या लाकडी खोक्यात होतं.

दुसरा आवाज सॅक्सोफोनचा. वाजवणारे मास्तर गोव्याचे. मूकपटांच्या दिवसांत थेटरात पडद्याखाली बसून वाजवायचे. बोलपट आले तेव्हा बाकीचे वाजवणारे मुंबईला पळाले, हे मात्र लग्नाच्या एका बँडला शिकवायला सोलापुरातच राहिले. त्या वाकड्या पितळी वाद्याला गावात कुणी नावानं ओळखत नसे, सगळे चिलीमच म्हणायचे. "मास्तर, चिलीम पेटली का?" असं पोरं रस्त्यावर विचारत. मास्तर टोपी काढून त्यांना नमस्कार करत.

त्यानंतर मी दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून शाळेत जायला लागलो. बाई कागद समोर ठेवून वाजवायच्या. कुण्या जुन्या जर्मन माणसाची रचना होती, चर्चात वाजवायची. तिच्यात एकही स्वर जागचा हलवलेला बाईंना चालत नसे. मास्तरांना कागद वाचता यायचा, पण अर्ध्या पानानंतर त्यांचे डोळे मिटायचे आणि ते मुंबईच्या हॉटेलांत आणि बोटीवर शिकलेल्या जॅझच्या वाटेला लागायचे. तीच सुरावट, पण आत्ता सुचेल तशी. मग बाई थांबून कागदावर बोट आपटायच्या.

"मास्तर, हे कागदावर नाही."

"कागदावर भूकपण नाय लिहिलेली, बाई. म्हणून जेवत नाय काय तुम्ही?"

बाई हसायच्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मास्तर सुटले की त्या थोडं उशिरा थांबवायच्या, हे मी नीट बघून ठेवलं होतं. गावात लोक जे बोलायचे ते बोललेच. मला त्यात पडायचं नव्हतं. मला फक्त ते दोन आवाज एकत्र ऐकायचे होते.

मग शाळेत नव्या मोठ्या मिसबाई आल्या. त्या काही वाईट नव्हत्या, हिशेबी होत्या. मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे शाळेच्या मांजरालाही "आपण बाहेर जा" म्हणायच्या. त्यांनी पियानो उघडून बघितला, चार स्वर दाबले आणि निकाल दिला. सोलापूरच्या उन्हात हे वाद्य मरत आहे, थंड हवेच्या ठिकाणी मिशनची दुसरी शाळा आहे, तिकडे ते मालगाडीनं पाठवायचं. त्यांचं खोटंही नव्हतं. आमच्या उन्हाळ्यात पितळ चढतं आणि लाकूड उतरतं. एप्रिलमध्ये मास्तर वर आणि पियानो खाली, दोघांची गाठ पडणं मुश्कील व्हायचं. बाईंनी हात जोडून एकच मागितलं. शाळेच्या संमेलनात मी आणि मास्तर वाजवतो, ते ऐका आणि मग ठरवा. मिसबाई म्हणाल्या, ठीक आहे. वाद्य सुरात असले पाहिजे आणि वाजवणे कागदाप्रमाणे असले पाहिजे. हॉटेलातले संगीत मुलींच्या कानी पडता कामा नये.

पियानो सुरात लावणारा माणूस मुंबईहून पावसाळ्यातच यायचा. म्हणून बाई माझ्या दुकानात आल्या. फळीसमोर उभ्या राहून त्यांनी जुन्या मिसबाईंची तारा पिळायची चावी आणि सा देणारा लोखंडी काटा माझ्या हातात ठेवला.

"पेटीवाले, तुमच्याशिवाय कुणी नाही. पियानो गेला तर माझ्याजवळ काय राहिलं, सांगा."

"जात न्हाई वो बाई. म्या हाय की," मी म्हणालो. पियानोच्या पोटात मी तोवर डोकावलोही नव्हतो.

मावशीचं दुखणं निघाल्यानं बाई जेऊरला गेल्या आणि मी कामाला लागलो. दोनशेवर तारा. एका स्वराला तीन-तीन, त्यातल्या दोन दाबून ठेवायच्या आणि तिसरी लावायची. दाबायला मी घोंगडीच्या पट्ट्या कापल्या. पहिल्या दिवशी लावलेल्या तारा दुसऱ्या दिवशी उतरलेल्या, मी त्यांना कानडीत काय वाटेल ते बोललो. दुकानामागच्या गल्लीत एका तेलुगू विणकराचं घर होतं. त्याच्या बायकोनं रात्री दुकानात परत आल्यावरही चाललेली माझी बडबड ऐकली.

"ओ पेटीवाले, उनाळ्यात आमचा ताणा बी असाच तुटतोय की," ती म्हणाली. "मागाच्या खड्ड्यात ओली वाळू ठेवतो आमी. लाकूड गप बसतंय, धागा गप बसतोय. तुमी बी ठेवा."

मी पियानोच्या तळाशी मातीच्या दोन परातींत ओली वाळू ठेवली, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. लाकूड खरंच गप बसलं. पुढचे तीन दिवस मी असं काम करत होतो की जेवायचीही शुद्ध नव्हती. तानपुरा शेजारी ठेवला होता. खर्ज छेडायचा, डोळे मिटायचे, आतला गंधार वर येईतोवर थांबायचं, मग पियानोचा गंधार त्याला नेऊन मिळवायचा. तसाच निषाद, तसाच धैवत. एकेक स्वर तारेच्या पोटातून काढलेला. मुंबईच्या माणसाला हे सात जन्मांत जमलं नसतं, असं मी स्वतःशी दोनतीनदा म्हणालोदेखील.

संमेलनाच्या दिवशी सकाळी बाई जेऊरच्या गाडीनं उतरल्या त्या थेट हॉलमध्ये. मास्तर आधीच आलेले. मी वरबापासारखा भिंतीशी उभा. बाईंनी बसून सा, ग आणि प एकत्र दाबले.

 त्यांनी हात उचलला, हाताकडे बघितलं, पुन्हा दाबले. तीन स्वर होते, पण तीन मोजता येत नव्हते. मास्तरांनी टोपी काढली.

"हे काय केलंत हो?" बाईंचे डोळे भरले होते. "माझ्या मिसबाईंच्या वेळीसुद्धा हा असा बोलला नव्हता."

"गंधार," मी म्हणालो आणि मिशीवरून हात फिरवला. तो हात आजही मला आठवतो.

बाई रचना वाजवायला लागल्या. पहिलं पान संपेपर्यंत मी जमिनीवर नव्हतो. पान उलटलं, सुरावट वळली, रिषभ आणि धैवत एकत्र आले आणि पियानोच्या पोटात कुणीतरी विव्हळलं. बाई थांबल्या. पुन्हा तिथून वाजवलं. पुन्हा तेच. पुढे गेल्या तर आणखी वाईट.

मी धावत गेलो. रिषभ दाबला, बरोबर. धैवत दाबला, बरोबर.

"बाई, दोनी बराबर हायत. येकेकटे वाजवून बगा की."

"मला एकेकटे नाही वाजवायचे! एकत्र वाजवायचे आहेत!" एवढ्या मोठ्यानं बोलताना मी बाईंना त्याआधी ऐकलं नव्हतं.

मास्तर खुर्चीत बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. "तुमचा सा एकदा बसला की उठत नाय. गाणं संपेपर्यंत तिथेच. हिच्या कागदावरचा सा दर पानाला बिऱ्हाड बदलतो. म्हणून पियानोवाला प्रत्येक स्वर मुद्दाम जरासा खोटा लावतो. सगळ्या बिऱ्हाडांत थोडी थोडी अडचण, पण राहता येतं. तू एका घराचा महाल केलास, बाबा, आणि बाकीच्यांचं छप्पर काढलंस."

 ज्या गंधारासाठी होटगी-मंगळवेढ्याची माणसं माझ्या पाया पडायची त्याच गंधारानं मी बाईंचं घर मोडलं होतं. संमेलन पाच वाजता होतं आणि दोनशेवर तारा तोवर परत लावणं माझ्या बापालाही जमलं नसतं. मी तसं सांगितलं. 

मास्तर उठले. त्यांनी बाईंना फक्त गंधार दाबायला सांगितला आणि सॅक्सोफोन तोंडाला लावला. त्यांचा गंधार आधी थोडा वर लागला. मग ओठ सैल करून त्यांनी तो खाली आणला, आणखी थोडा, आणि एका जागी दोन वाद्यं एक झाली. पियानोचा स्वर विरून गेला तरी तो तिथेच होता, कारण आता तो मास्तरांच्या छातीत होता. मिरजेला तानपुऱ्यापाशी जे ऐकलं होतं ते मला पुन्हा ऐकू आलं, या वेळी मोठ्यानं.

"बाई," मास्तर म्हणाले, "पहिलं पान कागदाप्रमाणे. पुढे तुम्ही घर सोडू नका. बाहेर मी एकटा जातो, परत तुमच्याकडे येतो."

"आणि मी काय करू?"

"सुचेल ते."

बाईंचा चेहरा उतरला. "मला काही सुचत नाही, मास्तर. मी आयुष्यात एकही स्वर स्वतःचा वाजवलेला नाही. आणि मिसबाई समोर कागद घेऊन बसणार. कागद सोडला की पियानो गेला."

आणि कागद धरला तर पियानो विव्हळणार, मग तर तो गेलाच. मी तेवढ्यात त्या दिवसातलं एकच कामाचं वाक्य बोललो.

"बाई, तानपुरा धरल्यागत धरा. सा आन् प. न्हाई सुचलं तर नगं सुचू द्या."

त्यांनी डाव्या हातानं सा-प धरून बघितला. मास्तर त्यावर चारदोन मिनिटं वाजवून थांबले. बाई म्हणाल्या, पुन्हा एकदा. पुन्हा एकदा झालं. तिसऱ्यांदा मास्तरांनी नकार दिला. "जास्त केलं तर त्याचापण कागद होईल," म्हणाले आणि जेवायला निघून गेले.

पाच वाजता हॉल भरला. वाळ्याच्या पडद्यांवर मुली पाणी मारत होत्या. आईबाप आले होते, माझ्या गल्लीतली ती विणकरीणही लेकीला घेऊन आली होती. मोठ्या मिसबाई पहिल्या खुर्चीत, मांडीवर रचनेचा कागद, पहिल्या ओळीवर बोट. मी पियानोच्या मागे भिंतीला टेकून बसलो, पळून जायला दार जवळ असावं म्हणून.

पहिलं पान कागदाप्रमाणे झालं. त्या घरात सगळं गोड होतं आणि मिसबाईंचं बोट ओळीवरून शांतपणे चाललं होतं. पान उलटायची वेळ आली. बाईंनी उलटलं नाही. डाव्या हातानं सा-प धरला. बोट दोन ओळी पुढे गेलं, थबकलं, मागे आलं. मिसबाईंनी पान उलटलं, पुन्हा मागे उलटलं. मग त्यांनी मान वर केली.

मास्तरांनी सुरावट कागदावरचीच घेतली होती. मग तिच्यातले दोन स्वर मागे राहिल्यासारखे सोडून पुढे आले, ते आणायला परत गेले आणि येताना भलतेच घेऊन आले. ते एवढ्या लांब गेले की मला वाटलं, आता हा माणूस काही परत येत नाही. खाली बाईंचा सा-प सारखा हलत होता, अंगणात कुणी दिवा लावून ठेवावा तसा. आणि मग मास्तर वळले, कुठून कसे ते मला आजही सांगता येणार नाही, आणि त्या गंधारावर येऊन उतरले. त्याच क्षणी बाईंनी खालून तोच गंधार दिला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी पेट्या घासून आयुष्य काढलेला माणूस, स्वर म्हणजे काय ते मला माहीत आहे असं समजत होतो. मला काहीच माहीत नव्हतं. मी ढसाढसा रडत होतो आणि त्याची लाज वाटत नव्हती.

मास्तर असे दोनदा बाहेर गेले, दोनदा आले. तिसऱ्यांदा निघणार तोच बाईंनी सा-प सोडला. त्यांनी डाव्या हातानं खालचा रिषभ ठेवला आणि उजव्या हातानं त्यावर धैवत. तोच, विव्हळणारा. चुकून नाही, त्या हाताकडे बघत होत्या. मी अर्धवट उठलो. मास्तर गर्रकन वळले, हे काही ठरलं नव्हतं. पियानो त्या भरल्या हॉलमध्ये उघड उघड कण्हत होता आणि बाईंनी बोटं उचलली नाहीत.

मास्तरांनी धैवत धरला. ओठ आवळून तो हळूहळू वर नेला, पियानोच्या धैवतापेक्षा जरासा वर, रिषभाशी खऱ्यानं जुळेल तिथे. क्षणभर आणखी वाईट वाटलं. मग पियानोचा धैवत विरायला लागला, तो विरतोच. खालच्या रिषभाची जाड तार तेवढी घुमत राहिली आणि वर मास्तरांचा श्वास. कण्हणं बंद झालं. जिथे माझी चूक होती तिथे रुंद, स्वच्छ, शांत असं काहीतरी उभं होतं. बाईंनी वर बघितलं आणि तिथूनच परत घरी आल्या. सा, ग, प. स्वतःच्या मनानं.

शेवटचा स्वर विरला. सगळ्यांत आधी विणकरीण "अय्यो!" म्हणाली, मग मुलींच्या टाळ्या सुटल्या. मिसबाई उठून पियानोपाशी आल्या तशा टाळ्या थांबल्या.

"हे कागदावर नव्हते," त्या म्हणाल्या.

"नव्हतं," बाई म्हणाल्या.

"तुम्ही मला शब्द दिला होता."

"दिला होता. मोडला."

मी पुढे झालो. "साहेब, चूक माझी हाय. पियानो चुकीचा लावला म्या. बाईंनी निभावून नेलं." मग रिषभ काय, धैवत काय, बिऱ्हाड काय, सगळं एका दमात सांगितलं. त्यांना किती कळलं देव जाणे. त्यांनी सा, ग, प दाबले आणि खूप वेळ, अगदी विरून जाईपर्यंत ऐकत राहिल्या. पियानोखालून ओघळ आला होता. खाली वाकून त्यांनी परात बघितली आणि विचारलं, हे काय. विणकरीण लांबूनच म्हणाली, "वाळू हाय. मागाखाली ठेवतोय आमी. सोलापुरात लाकूड असंच जगतंय." मिसबाईंनी मी खिडकीत ठेवलेला लोखंडी काटा उचलून आपटला, कानाला लावला आणि पुन्हा सा दाबला. तसूभरही उतरला नव्हता.

"पियानो राहील," त्या म्हणाल्या. "मुंबईचा मनुष्य येईल व तो नीट करील. आणि आपण," हे मला, "त्यास पुन्हा हात लावू नये."

बाई स्टुलावर तशाच बसून राहिल्या. हात मांडीवर. मास्तर सॅक्सोफोन पुसत होते, एवढा वेळ की पितळ झिजेल असं वाटलं.

पावसाळ्यात मुंबईचा माणूस आला. अबोल, गोरटेला, हातात चामड्याची पेटी. दारात आमची गाठ पडली तर माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. तो गेल्यावर बाईंनी सगळा कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. कुठेही कण्हणं नाही. सगळं बरोबर होतं. मग त्यांनी मधला गंधार दाबला आणि बोट तिथेच ठेवलं. तो पुन्हा केसभर वर गेला होता.

"पेटीवाले, चावी आणलीत?"

मी मिसबाईंचा हुकूम मोडला. तो एकच गंधार, मधला, तीन तारा, खाली आणून ठेवला. दिवाळीला मास्तरांना मुंबईच्या एका हॉटेलात जागा मिळाली. स्टेशनवर बाई आल्या नाहीत, मी गेलो होतो. गाडी हलली तेव्हा मास्तरांनी टोपी काढली आणि विचारलं, "गंधार ठेवलाय ना?" मी हो म्हणालो.

मग दर पावसाळ्यात हेच चाललं. मुंबईचा माणूस यायचा, सगळा पियानो बरोबर करायचा, तो एक गंधार वर न्यायचा. तो गेला की बाईंचा निरोप यायचा आणि मी तेवढाच परत खाली आणायचो. चार वर्षं. बाई त्याबद्दल काही बोलायच्या नाहीत. वाळूला पाणी मात्र स्वतः घालायच्या.

पाचव्या वर्षी निरोप आला तसा मी चावी खिशात घालून गेलो. बाई पियानोपाशी बसलेल्या. म्हणाल्या, "चावी राहू द्या. आधी ऐका."

त्यांनी मधला गंधार दाबला. खाली होता. मला वाटलं, मुंबईचा माणूस तो वर न्यायला विसरला असेल. मी शेजारचे दाबून बघितले, वरचा गंधार बघितला, खालचा बघितला. सगळे त्याच्या पद्धतीप्रमाणे चोख. मग मी तो मधला पुन्हा दाबला आणि विरेपर्यंत थांबलो. वर्षभरात सोलापूरच्या हवेत सगळ्याच तारा थोड्या उतरतात. त्यानं तो नुसता सोडून दिला असता तर तोही जागा सोडून खाली गेला असता. तो उतरला नव्हता. खर्जाच्या पोटातून येतो नेमका त्याच जागी होता, तिन्ही तारा एकजीव. त्या अबोल माणसानं तो कान लावून, स्वतःच्या हातानं तिथे लावला होता.

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. 

मी चावी परत खिशात ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन बसलो. बाईंनी डाव्या हातानं सा-प धरला. मग उजवा हात उचलला आणि वाजवायला लागल्या. समोर कागद नव्हता.